हे कुणी मोजले? : दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे शास्त्रज्ञजीवन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गात आम्ही प्राचीन भारताचा पाठ शिकवीत होतो. फळ्यावर आहत नाण्यांची चित्रे काढून, ही मौर्यांच्या काळातली, ही त्याच्या आधीची, असे सांगत होतो. जत तालुक्यातून आलेली एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नाण्यावर साल नाही, राजाचं नाव नाही. मग आधीचं कुठलं आणि मागनं आलेलं कुठलं, हे कुणी मोजलं?" वर्ग हसला. आम्ही "पुस्तकात दिले आहे" असे म्हणून पुढे गेलो. ती मुकाट्याने खाली बसली.

तिचे आईवडील ऊसतोड मजूर. ज्या घरात वर्षाची कमाई टनावर ठरते, त्या घरात 'कुणी मोजले' हा प्रश्न पोटाचा असतो. काट्यावर माप मारले गेले तर दिवसभराचे कष्ट वाया जातात, हे त्या मुलीने लहानपणापासून ऐकले असणार. म्हणून छापील अक्षरालाही तिने तोच प्रश्न विचारला. तो खऱ्या शास्त्रज्ञाचा प्रश्न होता. इतिहासाची एम. ए. पदवी घेतलेल्या आमच्याजवळ त्याचे उत्तर त्या दिवशी नव्हते.

उत्तर शोधताना आम्ही ज्या माणसापर्यंत पोहोचलो, त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. माधवनगरच्या आपल्या या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी अभ्यासलेख लिहावा, असे संस्थेने सुचविले तेव्हा दुसरा विषय मनात आला नाही. एक गणिती आयुष्यभर काय काम करीत होता, कशासाठी करीत होता, आणि त्याला ही प्रेरणा कोठून मिळाली, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

पित्याचा शोध, पुत्राचा वारसा

दामोदरांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्या समाजाला नवे नाही. गोव्यातील सांखवाळ या गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची, शालेय शिक्षण जेमतेम. मराठीतील मुलांच्या एका मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांचे मन पालटले. बुद्धाचा धम्म मुळातून जाणून घ्यावयाचा, या एकाच ध्यासाने 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, कलकत्ता असा प्रवास करीत, अनेकदा पायी, ते 1902 मध्ये सिंहलद्वीपात पोहोचले. तेथे त्यांनी पाली भाषेचे अध्ययन केले. या शोधाची किंमत मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाईंनीही मोजली, हे थोर पुरुषांची चरित्रे सांगताना आपण विसरू नये.

ज्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, त्या माणसाला पुढे अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने विसुद्धिमग्गाच्या संशोधित आवृत्तीसाठी बोलावले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. मुंबईत परळच्या कामगारवस्तीत 1937 साली बहुजन विहार उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा मराठी ग्रंथ आजही आपल्या घरांत वाचला जातो. 1947 च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

अशा पित्याच्या पोटी 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबें या गावी दामोदरांचा जन्म झाला. 1918 साली वडील दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले तेव्हा त्यांनी या मुलाला बरोबर नेले. पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करावयाची म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतील प्रती समोर ठेवावयाच्या, एकेक शब्द ताडून पाहावयाचा, आणि कोणता पाठ मूळचा व कोणता मागाहून शिरलेला हे पुराव्याने ठरवावयाचे. वडील हे काम करीत होते त्या घरात मुलगा वाढला. आमच्या मते त्याचे पहिले विज्ञानाचे धडे तेथे घडले. पवित्र ग्रंथाचाही पाठ तपासून घ्यावा लागतो, आणि तपासल्याने त्याचा मान कमी होत नाही, ही दृष्टी प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच त्यास मिळाली असावी.

आपणा बौद्धांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, हा कालामांना दिलेला उपदेश आपल्या विहारांत नेहमी सांगितला जातो. दामोदर स्वतः उपासक म्हणून जगले नाहीत. परंतु हा उपदेश त्यांनी आचरणात किती उतरविला, ते त्यांच्या कामावरून पाहता येते.

गणिताचे अध्यापन आणि संशोधन

1929 साली हार्वर्डची पदवी त्यांनी अत्युच्च श्रेणीत मिळविली. गणिताबरोबर त्यांनी ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांचाही अभ्यास केला होता. पुढे पीएच. डी. करण्याइतके आर्थिक साहाय्य मिळाले नाही आणि ती पदवी त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. पदव्यांच्या मागे धावून थकलेल्या आमच्या तरुणांनी याची नोंद घ्यावी.

भारतात परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे काही काळ, आणि मग फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे त्यांनी गणित शिकविले. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा होमी भाभांनी त्यांना तेथे बोलावून घेतले. मुंबईच्या नोकरीसाठी त्यांनी पुण्याचे घर सोडले नाही. ते डेक्कन क्वीनने ये-जा करीत आणि गाडीतला वेळ वाचनात घालवीत. असे 1962 पर्यंत चालले.

त्यांच्या एका शोधाचा उपयोग आजही जगभर होतो. तो सोप्या शब्दांत सांगतो. सजीवाचे गुण ठरविणारी जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. पुढच्या पिढीत जाताना जोडीतील दोन गुणसूत्रे आपले तुकडे एकमेकांशी बदलतात. दोन जनुके जवळ असली तर ती क्वचितच विलग होतात, दूर असली तर वारंवार. तेव्हा विलग होण्याच्या प्रमाणावरून त्यांतील अंतर काढता यावे. पण येथे एक अडचण येते. दोन जनुकांच्या मध्ये अदलाबदल दोनदा झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि काहीच घडले नाही असे दिसते. त्यातच, एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होण्याचा संभव कमी होतो. या दोन्ही गोष्टी जमेस धरून अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी मांडले व ते 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे संशोधक आजही 'कोसंबी सूत्र' वापरतात. गणित शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाने, प्रयोगशाळा हाताशी नसताना, जीवशास्त्राला दिलेली ही देणगी आहे.

नाणे बोलू लागले

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्याचा उपयोग एखाद्या खऱ्या प्रश्नावर करून पाहावा, म्हणून 1940 च्या सुमारास कोसंबींनी प्राचीन आहत नाणी हाती घेतली. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून, त्यांवर सूर्य, चक्र, टेकडी, पशू अशी चिन्हे ठोकलेली ही नाणी. पूर्ण वजनाचे नाणे सुमारे साडेतीन ग्रॅम भरते. त्यांवर अक्षर नाही, साल नाही. विद्वान चिन्हांच्या अर्थावर वाद घालीत होते. कोसंबींनी सूक्ष्म तराजू घेतला आणि नाणी एकेक करून तोलली.

त्यांचा विचार असा. नाणे हातोहात फिरते आणि झिजते. जितका काळ ते चलनात, तितकी झीज अधिक. म्हणून एकाच ठेव्यात सापडलेली, एकाच प्रकारची नाणी गटागटाने तोलली, तर ज्या गटाचे सरासरी वजन कमी तो जुना. शिवाय सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. तेव्हा जुन्या गटात वजनाचा विखुरलेपणाही जास्त दिसला पाहिजे. एकेकटे नाणे फसवील, पण समूह फसविणार नाही. नाण्यांच्या मागील बाजूस असलेल्या लहान खुणा म्हणजे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी नाणे पारखल्याच्या खुणा असाव्यात, असेही त्यांनी मांडले. तसे असेल तर खुणा वाढतील तसे वजन घटले पाहिजे. तक्षशिलेच्या ठेव्यातील नाण्यांवर त्यांनी हे पडताळून पाहिले.

येथे एखादा विद्वान थांबला असता. कोसंबींनी स्वतःलाच विचारले की, नाणी अशीच झिजतात हे तरी कुणी मोजले आहे? म्हणून त्यांनी त्यांच्या काळी बाजारात चालू असलेली हजारो नाणी जमवून तोलली. त्यांवर साल छापलेले होते, त्यामुळे अनुमान खरे की खोटे हे तपासता येत होते. आधी आजचे नाणे, मग अडीच हजार वर्षांपूर्वीचे. ज्ञातावरून अज्ञाताकडे जाण्याचा मार्ग तो हाच.

हा प्रयोग आम्ही शाळेत करून पाहिला. पाच रुपयांची नाणी जमवून विज्ञान विभागाच्या तराजूवर तोलण्यास मुलांना सांगितले. काही नाणी नऊ ग्रॅमच्या आसपास भरली, काही सहा. "तीन ग्रॅम झिजलं!" असा एकच गलका झाला. थोड्या वेळाने एका मुलाच्या ध्यानात आले की, जाड नाणे वेगळ्या धातूचे आहे आणि पातळ नाणे मागाहून निघालेले आहे. म्हणजे सरकारनेच वजन बदलले होते! मग फक्त जाड नाणी वेगळी काढून, सालाप्रमाणे मांडून, पुन्हा तोलली. जुनी नाणी सरासरीने किंचित हलकी भरली. मात्र प्रत्येक जुने नाणे हलके नव्हते. मोजण्याआधी निवडावे लागते आणि एका नाण्यावरून निष्कर्ष काढू नये, हे दोन धडे मुले त्या दुपारी शिकली. आम्ही पंचवीस वर्षे शिकवीत आहोत, तरी फळ्यावर लिहून आम्हाला ते शिकविता आले नसते.

पायी केलेला इतिहास

नाण्यांमागून कोसंबींना प्रश्न पडला, ही नाणी ज्या समाजात फिरत होती तो समाज कसा होता? गणिती अशा रीतीने इतिहासकार झाला. त्यांची साधने साधी होती: भक्कम पाय, टोकाला लोखंडी छिन्नी बसविलेली काठी, आणि भेटेल त्याच्याशी बोलण्याची तयारी. पुण्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर त्यांनी अश्मयुगीन माणसाची बारीक गारगोटीची हत्यारे वेचली. ती ज्या वाटांवर मिळतात, त्याच वाटांनी धनगरांचे कळप आजही ऋतूप्रमाणे जातात आणि वाटेवर म्हसोबा, बोल्हाई यांची ठाणी आहेत, हे त्यांनी दाखविले. माण, आटपाडी, जतकडचे मेंढपाळ वाड्यासह आपल्या रस्त्यांवरून जाताना आपण दरवर्षी पाहतो. कोसंबींच्या दृष्टीने ती चालती साक्ष होती. 1956 साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा इंग्रजी ग्रंथ निघाला, आणि राजांच्या याद्यांऐवजी शेती, अवजारे, व्यापार, जमातींचे जातींत होणारे रूपांतर यांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले.

बौद्ध लेण्यांकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. लेणी निर्जन डोंगरात का कोरली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी नकाशावर शोधले. ती निर्जन नव्हतीच. समुद्राकडून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या कडेला होती. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांत केवळ राजे नाहीत. तेथे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे, यवनही आहेत. बुद्धाचा संघ श्रम करणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या माणसांच्या आधाराने उभा होता.

हा धडा घेऊन आम्ही मुलांना कऱ्हाडजवळच्या आगाशिव लेण्यांना नेले. त्याआधी वर्गात सांगितले की, दूर मध्य भारतातील भरहुत स्तूपाच्या दानलेखांत कऱ्हाडचे प्राचीन नाव येते, आणि कोकणातील कुडा लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. डोंगरावर चढल्यावर मुलांना एवढेच विचारले, "येथून कोकणात उतरण्याची वाट कोणती?" मुलांनी कुंभार्ली घाटाचे नाव घेतले. मग लोखंडाचा तो व्यापारी त्यांना परका राहिला नाही. आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा धम्म नांदत होता, हे त्यांना दगडावर दिसले.

मतभेद आणि चूक

शास्त्रज्ञाचे जीवन सांगताना त्याच्या पराभवाचे पान फाडून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भारताने अणुऊर्जेमागे प्रचंड पैसा ओतण्यापेक्षा येथे मुबलक असलेल्या सूर्यप्रकाशाचा उपयोग करावा, असे कोसंबी 1950 च्या दशकातच आग्रहाने सांगत होते. अणुशक्ती कार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या भाभांच्या संस्थेत राहून हे म्हणणे सोपे नव्हते. जागतिक शांतता चळवळीतही ते उघडपणे उभे राहिले. आज आपल्या घरांवर सौर पाट्या बसत आहेत, तेव्हा त्यांचे स्मरण व्हावे.

परंतु त्यांची मोठी चूकही झाली. गणितातील अतिशय कठीण मानल्या गेलेल्या रीमानच्या अनुमानाची सिद्धता आपल्याला सापडल्याचा दावा त्यांनी केला. तो टिकला नाही. गणितज्ञांत त्यांच्या नावाला धक्का बसला आणि 1962 साली त्यांना संस्था सोडावी लागली. एरवी पुराव्यासाठी हट्ट धरणारा माणूस स्वतःच्या बाबतीत घाईला बळी पडू शकतो. म्हणूनच विज्ञानात एकाचे काम दुसऱ्याने तपासावयाचे असते. या धक्क्यानंतरही त्यांचे लेखन थांबले नाही. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ 1965 मध्ये आला. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, त्या वेळी ते अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते.

बाबासाहेब आणि कोसंबी

आमचे काही मित्र विचारतात, "कोसंबी मार्क्सवादी, त्यांचे आपल्याला काय?" प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांनी 1956 च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांतील भेद स्पष्ट केला आणि आपण बुद्धाचा मार्ग स्वीकारला. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला कोसंबींनी बाबासाहेबांइतकी मध्यवर्ती जागा दिली नाही, हेही आम्हाला जाणवते. त्यांचे प्रत्येक मत आम्ही मान्य करीत नाही. पण मत स्वीकारणे निराळे आणि पद्धत शिकणे निराळे. अस्पृश्य मूळचे कोण, याचा शोध घेणाऱ्या 1948 च्या ग्रंथात बाबासाहेबांनीही आपले अनुमान मोकळेपणाने मांडले, त्याचे पुरावे दिले, आणि ते अंतिम असल्याचा दावा केला नाही. आपल्या मुक्तिदात्याने जर स्वतःचा सिद्धान्त तपासणीसाठी पुढे ठेवला, तर त्यांचे अनुयायी म्हणून आपण प्रश्नाला का भ्यावे?

आणि आपण भितो, हे कबूल करावयास हवे. जयंतीच्या व्यासपीठावर आपण विज्ञाननिष्ठेवर बोलतो आणि भ्रमणध्वनीवर आलेला इतिहास न तपासता पुढे धाडतो. बाबासाहेब असे म्हणाले, एवढे सांगून वाद मिटवितो. कोठे म्हणाले हे पाहत नाही. मुलाने विज्ञान घ्यावे असे म्हणतो, पण त्याने घरात प्रश्न विचारला तर 'मोठ्यांना उलटून बोलू नको' असे सुनावतो. आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही. त्या दिवशी वर्गात आम्ही तेच केले.

ती मुलगी त्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर परत आली नाही. टोळीबरोबर आईवडील निघाले आणि धाकट्या भावंडांना सांभाळावयास तीही गेली, असे कळले. आम्ही निरोप धाडले, एकदा गावीही जाऊन आलो; घराला कुलूप होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुढे सापडले, पण ते ऐकण्यास ती वर्गात नव्हती. ऊसतोडीच्या हंगामात मुले वसतिगृहातच राहावीत, म्हणून आज आम्ही दिवाळीआधी प्रत्येक पालकाची भेट घेतो, त्यामागे हे शल्य आहे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच. घरातील मुलाने 'हे कुणी मोजले' असे विचारले तर त्यास गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि त्याच्याबरोबर शोधावयास बसा. शास्त्रज्ञ घडविण्यासाठी प्रथम एवढेच लागते. तराजू नंतर आणता येतो.

स्वाध्याय (घरातील सर्वांनी मिळून करावा)

1. एकाच प्रकारची, पण निरनिराळ्या सालांची वीस नाणी जमवा. सोनाराच्या काट्यावर तोलून सालाप्रमाणे नोंदी करा. काय दिसते?
2. आपल्या गावातील सर्वांत जुनी वाट कोणती? तिच्या कडेला कोणती ठाणी, विहिरी, बाजार आहेत? आजी-आजोबांना विचारून नकाशा काढा.
3. बुद्ध किंवा बाबासाहेब यांच्या नावाने ऐकलेले एक वचन निवडा. ते मूळ कोणत्या ग्रंथात वा भाषणात आहे, ते शोधा. सापडले नाही तर तसे लिहा.

या स्मरणिकेची एखादी प्रत जत तालुक्यातील एखाद्या घरी पोहोचेल आणि आमची ती विद्यार्थिनी, आज कदाचित स्वतः आई झालेली, ती चाळून पाहील, अशी आशा आहे. बाई, तुझा प्रश्न बरोबर होता. नाणी दामोदर कोसंबींनी मोजली, एकेक तोलून मोजली. उत्तर द्यावयास आम्हाला उशीर झाला, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तुझे मूल शाळेत जाण्याच्या वयाचे झाले असेल तर त्यास आमच्याकडे घेऊन ये.

जयभीम. नमो बुद्धाय.